धसकटं नसलेली दलदल

मेणबाईला कुणी हळू बोलताना ऐकलेलं नाही. ती संग्रहालयाच्या तळघरात कामाला होती आणि तिचा आवाज वरच्या मजल्यावरच्या सांगाड्यांपर्यंत पोचायचा. "दार लावा रे कुणीतरी, मेण थंड होतंय!" हे वाक्य ती दिवसभरात इतक्यांदा ओरडायची, की तिकीटखिडकीवरचा माणूस बसल्या जागी नुसते ओठ हलवून तिच्याबरोबर म्हणायचा.

तिचं काम पानं बनवण्याचं. खरं पान ओल्या प्लास्टरवर दाबायचं, साचा वाळला की त्यात वितळलेलं मेण सोडायचं, ते घट्ट व्हायच्या आत पाठीमागून कापसाचा पापुद्रा आणि मधोमध तार बसवायची, मग रंग. बापही त्याच तळघरात हेच करायचा. बापाकडून तिला कुंचले मिळाले आणि क्षणात डोकं तापायची सवयही.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत संग्रहालयानं एक मोठं दालन काढायचं ठरवलं: 'जगातल्या परिसंस्था'. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा तिला वाटलं, पतसंस्थेसारखं काहीतरी असेल, साहेब लोकांनी पैसे खायला काढलेलं. मग चष्मेवाली तळघरात आली. ही संग्रहालयातली शास्त्रज्ञ, लेकीच्या वयाची, नाकावरून घसरणारा चष्मा सतत वर ढकलणारी.

"म्हणजे कोण कुणाला खातं, कोण कुणाच्या सावलीत वाढतं, कोण मेल्यावर कुणाचं पोट भरतं, हे सगळं मिळून," चष्मेवाली म्हणाली.

"मग गल्ली म्हण की सरळ," मेणबाई म्हणाली.

चष्मेवाली हसली आणि तेव्हापासून दोघींचं जमलं. जमलं म्हणजे रोज भांडण व्हायचं.

मेणबाईनं कधी शहराची हद्द ओलांडली नव्हती. पण चष्मेवालीनं आणलेल्या फोटोंवरून तिनं काचपेट्यांमध्ये एकेक जग उभं केलं. वर्षावन केलं, त्यातल्या वेलींना हाताची बोटं सोलवटेपर्यंत वळवलं. खारफुटी केली, चिखलातून वर आलेल्या मुळांसकट. प्रवाळाची भिंत केली, इतकी रंगीत की सुतारकाम करणारा दादा जेवणाचा डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसायचा. आणि पेटी पुरी झाल्यावर महिन्याभरात चष्मेवाली नवे फोटो घेऊन आली. त्यात प्रवाळ पांढरंफटक.

"हे काय, आजारी आहे?"

"समुद्र तापला. रंग देणारे बारीक जीव त्याच्या अंगात राहतात, तेच त्याला खायला घालतात. उकाडा झाला तसे ते निघून गेले. आता प्रवाळ उपाशी आहे. असंच राहिलं तर मरेल."

"समुद्र तापवला कुणी?"

चष्मेवालीनं उत्तर दिलं. उत्तर लांबलचक होतं, त्यात धुराडी होती, गाड्या होत्या, कोळसा होता. मेणबाईनं ते ऐकता ऐकता पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि स्वतःच्या हातानं रंगवलेली अर्धी भिंत पुसत नेली. दात आवळून. दुसऱ्या दिवशी एक पाहुणी काचेला नाक लावून म्हणाली, "किती शुभ्र! छानच आहे की." मेणबाई शेजारच्या पेटीवर शिडी लावून उभी होती. ती वरून गरजली, "अहो बाई, मढं होतंय त्याचं! मढ्याला छान म्हणता?" तक्रार गेली. तक्रारींची तिला सवय होती.

गवताळ प्रदेशाच्या पेटीवर कुणीतरी पाटी लावली होती, 'ओसाड माळ'. चष्मेवालीनं तिला सांगितलं होतं की या गवताची मुळं माणूस बुडेल इतकी खोल जातात, धुरातला कार्बन तिथं मातीत धरून ठेवतात, आणि तरी लोक तिकडं जाऊन म्हणतात, रिकामी जागा आहे, काहीतरी करा. मेणबाईनं पाटीवरचा 'ओसाड' सुरीनं खरवडून काढला. "ज्यात यांना सावलीला बसता येत नाही ते सगळं ओसाड," ती म्हणाली. नुसता 'माळ' राहिला.

अशी ही बाई. जगभरच्या जंगलांसाठी भांडणारी. आणि तिची चूक झाली ती स्वतःच्या घरामागच्या चिखलात.

संग्रहालयाच्या पाठीमागं दलदल होती. बोरूची बेटं, मधून पाण्याच्या अरुंद वाटा, काठाला झोपड्या. मेणबाई आणि तिची धाकटी बहीण दोघी तिथंच जन्मल्या. बाप संग्रहालयात, आई बोरू कापून चटया विणणारी. थोरली बापाच्या मागं तळघरात गेली, धाकटी आईच्या मागं पाण्यात. आई गेल्यावर धाकटीनं विळा घेतला तो खाली ठेवलाच नाही. तिचं नाव घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. पन्नाशी उलटली तरी सगळ्या काठाला ती धाकटीच.

बोरू कसाही कापत नाहीत. थंडीत तो वाळला की एकेक बेट धरायचं, पाण्याच्या रेषेपाशी कापायचं, शेजारचं बेट पुढच्या वर्षासाठी उभं ठेवायचं. ज्या बेटात घरटं असेल तिथं विळा न्यायचा नाही. कापलेल्या जागी नुसती धसकटं दिसतात, पाण्यातून बोटभर वर आलेली, कुरूप, जणू कुणी वस्तऱ्यानं घाईत दाढी केलीय. पण त्या धसकटांमुळंच दलदल जिवंत राहते. कापलं नाही तर वाळका बोरू आडवा पडतो, कुजतो, गाळ चढतो, पाण्याच्या वाटा बुजतात, आणि काही वर्षांत तिथं पाणी नसतं, पक्षी नसतात, काटेरी झुडपं असतात. दलदलीतल्या बायका हे आईच्या पोटातून शिकून येतात. मेणबाईही शिकून आली होती.

तर संचालकांनी ठरवलं की दालनाच्या दारासमोरच एक मोठी पेटी हवी, आपल्याच मागच्या दलदलीची. संचालकांना तळघरातले लोक इस्त्रीसाहेब म्हणायचे. त्यांच्या सदऱ्याला कधी चुणी पडली नाही, आणि बोलण्यालाही. चष्मेवालीनं त्या पेटीचं चित्र काढून आणलं. त्यात उभी बेटं होती तशी कापलेली होती, पाण्याच्या वाटा होत्या, होडी होती, काठाला धूर निघणारी झोपडी, आणि कंबरभर पाण्यात डोक्यावर भारा घेतलेली बाई.

इस्त्रीसाहेबांनी चित्रावर बोट ठेवलं. "माणसं नकोत. धूर नको. आपल्याला निसर्ग दाखवायचाय. शुद्ध."

"पण कापणी नसेल तर ही दलदलच राहत नाही," चष्मेवाली म्हणाली. "माणूस हा इथल्या व्यवस्थेचा भाग आहे, सर."

साहेबांनी मेणबाईकडं पाहिलं. "बाई, तुम्हाला काय वाटतं?"

आणि इथं मेणबाई साहेबांच्या बाजूनं बोलली. का? कारण तिला तिच्या हातांचा माज होता. दारासमोरची पेटी, येणारा प्रत्येक माणूस आधी तीच बघणार, आणि त्यात धसकटं? काड्या खोचून कुणीही करील. तिला उभा बोरू करायचा होता, तुरे फुटलेला, वाऱ्यानं एका बाजूला कललेला, पात्यामागं पातं. तो तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमला नसता.

"साहेबांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "धसकटं बघायला तिकीट कोण काढील?"

"मेणबाई, तुम्हाला माहीत आहे हे खोटं आहे," चष्मेवाली हळू आवाजात म्हणाली.

"मला नको शिकवूस गं पोरी. मी त्या चिखलात जन्मले."

पेटी झाली. आणि काय झाली! आत उजेड असा पाडला होता की पहाट वाटावी. काचेसारखं पाणी, त्यावर बोरूची सावली, एक बगळा एका पायावर. लोक आत यायचे आणि आपोआप हळू बोलायला लागायचे. मेणबाई खांबामागं उभी राहून त्यांची तोंडं बघायची.

एक दिवस धाकटी आली. हात धुऊन, केस चापून बसवून, बहिणीचं काम बघायला. पेटीसमोर उभी राहिली आणि फिस्सकन हसली.

"ताई, यात पाय घातला तर कोरडाच बाहेर येईल की."

"गप बस. बघ तरी नीट."

धाकटी नीट बघायला लागली. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, मग वाकून बघितलं, मग बाजूनं. हसू कमी होत गेलं.

"आपली झोपडी कुठाय?"

"साहेब म्हणाले, माणसं नकोत."

"होडी? वाट? कापलेलं बेट?"

"सांगितलं ना, साहेब म्हणाले..."

"साहेब म्हणाले," धाकटी म्हणाली. "आणि तू काय म्हणालीस?"

 मेणबाईला बहिणीचाच राग आला. "तुला कलेतलं काय कळतंय? जा, चटया विण." धाकटी गेली. त्यानंतर दोघींत बोलणं बंद.

दालनाला गर्दी झाली. गर्दीबरोबर गाड्या आल्या. संग्रहालयाच्या पुढचा रस्ता तुंबायला लागला, तसं इस्त्रीसाहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना सभागृहात बोलावलं आणि पडद्यावर एक नकाशा दाखवला. दलदलीच्या जागी करडा चौकोन होता. वाहनतळ.

पुन्हा वाचा. जगातल्या परिसंस्था बघायला येणाऱ्यांच्या गाड्या लावायला परिसंस्था बुजवायची. हे ज्यांच्या डोक्यातून निघालं त्यांना कुणी वेड्यांच्या इस्पितळात नेलं नाही. टाळ्या वाजल्या.

चष्मेवाली उभी राहिली. "सर, पाणथळ जागेवर भराव टाकता येत नाही. कायदा आहे."

"अगदी बरोबर," साहेब म्हणाले. "पाणथळ असेल तर. म्हणूनच तपासणी समिती येणार आहे. ती ठरवेल, ही पाणथळ आहे की पडीक डबकं." मग ते मेणबाईकडं वळून कौतुकानं हसले. "आणि यात आपल्याला बाईंचे आभार मानायला हवेत. खरी दलदल कशी असते, हे त्यांनी सगळ्या शहराला दाखवलंय. आता ती पेटी बघा, आणि खिडकीतून मागं बघा. कापलेलं, तुडवलेलं, धुरकट, वर अतिक्रमण. याला परिसंस्था म्हणायचं? समितीला मी आधी पेटीच दाखवणार आहे."

मेणबाईच्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं. शिव्या तोंडापर्यंत आल्या आणि तिथंच अडकल्या, कारण त्यातल्या अर्ध्या तिला स्वतःला घालाव्या लागल्या असत्या. तिनं बनवलेल्या खोट्याची पट्टी करून हे लोक खऱ्याचं माप काढणार होते, आणि खरं त्यात कमी भरणार होतं.

ती तशीच उठली आणि मागच्या दारानं काठावर गेली. धाकटी गुडघाभर पाण्यात भारा बांधत होती.

"आलीस? माती टाकायला की बघायला?" धाकटी मान न वळवता म्हणाली. बातमी पोचली होती.

"धाकटे, ऐक तरी."

"काय ऐकू? तुझी दलदल छान आहे ताई. वास नाही, डास नाही, आम्ही नाही. तिथंच राहायला जाऊ का आता आम्ही? काच तेवढी उघडून दे."

मेणबाईनं चपला काढल्या आणि पाण्यात उतरली. चिखल घोट्याला लागला तसं तिला शहारा आला, इतक्या वर्षांनी. "माझं चुकलं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडी इतके परके होते की धाकटीनं भारा बांधायचा थांबवून तिच्याकडं पाहिलं.

"चुकलं तर दुरुस्त कर," धाकटी म्हणाली. "ती खोटी पेटी मी नाही केली, तू केलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दालन उघडं असताना, लोकांच्या डोळ्यांसमोर मेणबाईनं पेटीची काच सरकवली. किल्ली तिच्याकडंच असायची. धाकटी धसकटांची मोळी घेऊन आली होती, चष्मेवाली शिडी धरून उभी होती. मेणबाईनं आपल्या हातानं घडवलेल्या बोरूला कात्री लावली. 

"असं नाही गं!" धाकटी ओरडली. "विळा खालून वर येतो. तिरका काप पडतो. तू काय पेन्सिली उभ्या केल्यास?"

"आता रंगही मला शिकव, म्हणजे झालं."

"रंगही चुकलाय. कापल्यावर आतून पिवळं असतं."

चष्मेवाली म्हणाली, "दोघी भांडा, पण लवकर भांडा. साहेब येतील."

पाण्यावर मेणबाईनं तपकिरी रंगाचा थर दिला, तवंगासकट. कडेनं शहराच्या गटाराचं तोंड दाखवलं, जे प्रत्यक्षात होतंच. त्या बाजूचं पाणी काळं, बोरूच्या बेटांमधून गाळून पलीकडं निघणारं पाणी निवळ. जळवा केल्या. झोपडी केली. मघापासून प्रवाळासमोर उभे असलेले लोक इकडं सरकले. "ई, हे काय?" एक बाई म्हणाली. "हे खरं," मेणबाई म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या कामाला कुणी 'ई' म्हटलं म्हणून ती खूश झाली.

इस्त्रीसाहेब आले तेव्हा ती कंबरभर पाण्यातली बाई बसवत होती. मेणाची, वीतभर, तोंड धाकटीसारखं त्रासलेलं.

"बाई! ही संग्रहालयाची मालमत्ता आहे!"

"मेण तुमचं आहे, घ्या वितळवून. हात माझे आहेत."

"समिती उद्या येतेय!"

"म्हणूनच आज करतेय."

"किल्ल्या द्या इकडं."

तिनं किल्ल्या दिल्या नाहीत, फेकल्या. साहेबांनी दालनाला कुलूप लावलं, बाहेर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लावली, आणि समितीसाठी जुन्या पेटीचं चित्र असलेली रंगीत माहितीपत्रकं काढून ठेवली. चुणी पडलीच नाही.

समिती आली. चहा झाला. मग सगळे माहितीपत्रक हातात घेऊन काठावर आले. काठावरच्या बायका, गल्लीतले लोक, सगळे जमले होते. अध्यक्ष जाडजूड, दमलेले, पण डोळ्यांत खोट नसलेले गृहस्थ. त्यांनी पत्रक उन्हाआड धरलं, चित्र बघितलं, समोर बघितलं, पुन्हा चित्र.

"इथं तर सगळं कापून टाकलेलं दिसतंय."

"तेच तर," इस्त्रीसाहेब म्हणाले.

"ते चित्र खोटं आहे!" मेणबाई गर्दीतून पुढं आली. "मी बनवलंय ते. मला विचारा. त्यातून मी गाळ काढला, गटार काढलं, माझी सख्खी बहीण काढली. दिसायला बरं दिसावं म्हणून. त्याच्याशी मापू नका."

अध्यक्ष गोंधळले. "मग कशाशी मापायचं?"

"होडीत बसा, साहेब," धाकटी म्हणाली. "इथून काय दिसतंय, डोंबल?"

"काही गरज नाही," इस्त्रीसाहेब म्हणाले. पण अध्यक्ष बसले. होडी एका बाजूला कलली, काठावर हशा पिकला, आणि धाकटीनं बांबू रेटला. चष्मेवालीही मागं चढली. बराच वेळ होडी दिसेनाशी झाली. परत आली तेव्हा अध्यक्षांचा एक बूट चिखलानं भरलेला होता आणि पत्रक कुठंतरी पाण्यात पडून भिजलं होतं, तरी ते त्यांनी हातात धरून ठेवलं होतं.

"गटाराचं पाणी या बाजूनं येतं आणि त्या बाजूनं स्वच्छ निघतं," ते म्हणाले. "पाणकोंबडीची पिल्लं बघितली मी. सगळ्या शहराचं पावसाचं पाणी ही जागा पिते, असं या मॅडम सांगतात. ही पाणथळच आहे. इथं भराव पडणार नाही."

काय आरडाओरडा झाला! मेणबाईनं चष्मेवालीला उचलायचा प्रयत्न केला. इस्त्रीसाहेब लगेच टाळ्या वाजवायला लागले, सगळ्यांच्या पुढं. एकटी धाकटी होडीतून उतरली नव्हती. अध्यक्षांचं बोलणं संपलेलं नाही, हे तिच्या एकटीच्या लक्षात आलं होतं.

"इतकी मोलाची जागा उघडी ठेवणं बरोबर नाही," अध्यक्ष म्हणत होते. मनापासून म्हणत होते, हेच वाईट. "कुंपण घालू. कापणी बंद, होड्या बंद, झोपड्या हलवू, प्रत्येकाला पर्यायी खोली देऊ. काही वर्षांत ती पूर्वीसारखी होईल." आणि त्यांनी ते भिजलेलं पत्रक वर केलं. "अशी."

गाड्यांपासून दलदल वाचली आणि धाकटीपासूनही वाचवली गेली. चष्मेवाली घसा फुटेपर्यंत सांगत राहिली की कापणी हीच इथली राखण आहे. समितीवाले म्हणाले, अभ्यास करू. जगभर हेच करतात हे लोक. आधी जंगलातल्या माणसानं जंगल राखायचं, मग बाहेरच्यांनी येऊन ते लुटायचं, आणि उरलेलं वाचवायची वेळ आली की पहिल्यांदा जंगलातल्या माणसाला हाकलायचं. लुटणारा टाळ्या वाजवायला पुढं असतोच.

कुंपण आलं. धाकटीला शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. खोलीत नळ होता, पंखा होता, आणि ओला बोरू पसरायला जागा नव्हती. ती खिडकीत बसून रस्त्याकडं बघायची. मेणबाई दर रविवारी जायची आणि दर वेळी कशावरून तरी भांडून यायची, कारण धाकटी उलटून भांडत नव्हती आणि ते तिला सहन होत नव्हतं. नोकरी संपली होती. पेटीत बाजारातून आणलेला प्लास्टिकचा बोरू बसला होता. इस्त्रीसाहेबांना दलदल वाचवल्याबद्दल कुठलासा सन्मान मिळाला होता.

दलदलीनं मात्र कुणाचं ऐकलं नाही. पहिल्या थंडीत बोरू वाळला आणि उभाच राहिला. दुसऱ्या थंडीपर्यंत आडवा पडला. पाण्याच्या वाटा दिसेनाशा झाल्या. पाणकोंबड्या आल्या, फिरल्या आणि निघून गेल्या. गटाराचं पाणी आत शिरायला जागा मिळेना म्हणून उलटं गल्लीत यायला लागलं. लोक तक्रार घेऊन गेले तर कार्यालयातला माणूस म्हणाला, "निसर्ग आपलं आपण बघून घेतो." त्याच्या मागं भिंतीवर तेच चित्र टांगलेलं होतं. मेणबाईनं ते बघितलं आणि ती तडक तिसऱ्या मजल्यावर गेली.

"उठ," ती म्हणाली. "विळा कुठाय?"

"ताई, बंदी आहे."

"मला माहीत आहे. विळा कुठाय विचारतेय."

 धाकटी वाकली आणि पलंगाखालून गुंडाळी काढली. पातं परजलेलं होतं. ती रोज परजत होती.

सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, सगळं गाव बघेल अशा वेळेला काठावरच्या बायका शहराच्या चारी बाजूंनी जमल्या. मेणबाई तार कापायची पक्कड घेऊन आली होती. पहारेकरी खुर्चीतून उठला.

"बाई, आत जायला बंदी आहे."

"कुणाला?"

"माणसांना."

"मग आम्हाला का अडवतोस? आम्हाला तर तुमच्या साहेबांनी कधी माणसांत धरलंच नाही."

पहारेकऱ्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "माझी नोकरी जाईल हो, मावशी."

"तू ओरड मोठ्यानं. आम्ही ऐकलं नाही म्हणून सांग."

तो खरोखर ओरडायला लागला. मेणबाईनं तार तोडली. बायका एकामागं एक पाण्यात उतरल्या. आडवा पडलेला बोरू काळा पडला होता, पायाखाली भसाभस बुडबुडे सोडत होता, वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. धाकटीनं उभं राहून चहूकडं पाहिलं, कुठली वाट कुठं होती ते आठवलं, आणि एका बेटाकडं बोट केलं. "ते सोडा. त्यात अजून काहीतरी फडफडतंय. हे धरा."

चष्मेवाली कुंपणापाशी येऊन उभी होती, गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र. तिनं ते काढून खिशात ठेवलं, मग विचार बदलला, पुन्हा गळ्यात घातलं आणि आत शिरली.

मेणबाईचा पहिला घाव वाया गेला. दुसऱ्यानं तळव्याला चिरलं. तिनं दोन सणसणीत शिव्या दिल्या, एक बोरूला, एक अध्यक्षांना.

"वरून काय धरतेस?" धाकटी कितीतरी महिन्यांनी तिच्यावर खेकसली. "खालून धर! मेण नाही ते!"

मेणबाईला इतकं बरं वाटलं की तिनं उलट उत्तर दिलं नाही.

दुपारच्या आत गाडी आली. काठावर गणवेशातला अधिकारी उतरला आणि हाताचा कर्णा करून ओरडला, "सगळ्यांनी बाहेर या! तुमच्यावर गुन्हा दाखल होईल!"

बायका थबकल्या. काही जणींनी काठाकडं पाहिलं, मग धाकटीकडं.

"या की," मेणबाई पाण्यातूनच गरजली. तो आवाज संग्रहालयाच्या भिंतीला लागून परत आला. "तुम्हीच आत या पकडायला! वाट केलीय आम्ही!"

अधिकाऱ्यानं पाण्याकडं पाहिलं, मग फोन काढला. धाकटीनं मान वर केली नाही. तिच्या पुढ्यात अजून अर्धं बेट पडलेलं होतं.